मासिकाचा फोटोग्राफर

राळेगावात येऊन माझ्या स्टुडिओचं नाव विचारलं तर कुणी सांगू शकणार नाही. ‘मासिकाचा फोटोग्राफर कुठं बसतो’ असं विचारा, बसस्टँडवरचा पानठेलेवाला मान न वळवता हात करून दाखवेल. ही पदवी मी स्वतःला दिलेली नाही. मी फक्त ती नाकारली नाही. तेरा वर्षांत नाकारायचे प्रसंग पुष्कळ आले आणि प्रत्येक वेळी मला नेमका खोकला आला.

मी मुंबईत बारा वर्षं होतो, हे खरं आहे. चकचकीत मासिकांच्या शूटिंगला होतो, हेही खरं आहे. मुखपृष्ठावरून ज्या बाया मान तिरकी करून आपल्याकडे बघतात, त्यांच्यापासून मी चार हातांवर उभा असायचो. माझ्या हातात कॅमेरा मात्र नसायचा. थर्माकोल असायचा.

थर्माकोल म्हणजे लग्नात ज्याची अक्षरं कापून ‘शुभविवाह’ करतात तोच, फक्त चार फुटांचा अख्खा तुकडा. तो बाईच्या छातीखाली विशिष्ट कोनात धरला की वरून पडणारा उजेड त्याच्यावर आपटून पुन्हा चेहऱ्यावर चढतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात. दोन हनुवट्यांची एक होते. कोन जरा चुकला तर बाई भुतासारखी दिसते, म्हणून तो धरायला बुद्धी लागते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

आधी तीन वर्षं मी नुसत्या रेतीच्या पिशव्या उचलल्या, दिव्यांचे स्टँड पडू नयेत म्हणून. मग थर्माकोल हातात आला. मग दिवे कुठं लावायचे ते मला विचारू लागले. केसांच्या मागून एक बारीक दिवा दिला नाही तर काळे केस काळ्या पडद्यात बुडतात. दिवा मोठ्या पांढऱ्या कापडाआडून दिला तर कातडी मऊ दिसते, उघडा दिला तर रंध्रं मोजून घ्या. एकदा ताप आलेल्या मॉडेलचे डोळे सुजले होते. मी दिवा दीड हात वर नेला, एका गालाजवळ काळं कापड धरलं, आणि सूज सावलीत गेली. पुढच्या महिन्यात त्या फोटोखाली तिच्या टवटवीत कातडीचं रहस्य छापून आलं. त्यात रोज सकाळी कोमट पाणी होतं, काळं कापड नव्हतं.

फोटो काढायचे सर. सुरुवातीला ते कॅमेऱ्यातून बघून ‘डावीकडून जरा कमी कर’ वगैरे सांगायचे. शेवटच्या चार वर्षांत काहीच सांगायचे नाहीत. मी सगळं लावून मागे सरकायचो, ते यायचे, मॉडेलशी दोन शब्द बोलायचे आणि बटन दाबायचे. फोटो सरांचा, हे सगळ्या जगाला मान्य होतं. मलाही होतं.

मग मासिकं बारीक झाली, बरीचशी मोबाइलमध्ये शिरली, सरांकडेच काम कमी झालं आणि मी गावी आलो. येताना जुन्या अंकांचं एक पोतं आणलं. त्यातली बारा मुखपृष्ठं फ्रेम करून स्टुडिओत लावली. सजावट म्हणून लावली, असं म्हणायला जागा आहे. त्याच महिन्यात मुलगा पाहायला म्हणून एक शेतकरी आले. धोतर, पांढरी टोपी, बोलणं कमी. ते त्या बारा बायांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हे सारे फोटो तुमीच काढले काय?”

मी म्हणालो, “चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.”

त्यांनी चहा घेतला आणि गावी जाऊन मुलीसाठी मासिकाचा फोटोग्राफर पाहिला म्हणून सांगितलं. ते माझे सासरे, मामाजी. त्यांची मुलगी माझी बायको झाली आणि माझ्या खोकल्याची तिला सवय झाली.

स्टुडिओत माझं खरं काम म्हणजे पासपोर्टचे आणि लग्नाच्या स्थळांना पाठवायचे फोटो. मुलगी घेऊन आई येते, खुर्चीवर बसवते आणि माझ्या कानाशी येऊन म्हणते, “जरा उजय दाखवजा.” उजय म्हणजे उजळ, गोरी. मग मी समोरून इतका उजेड टाकतो की मुलीचं नाक दिसेनासं होतं. आई खूश होते. बारा वर्षांचा अनुभव मी नाक घालवण्यात खर्च करतो. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बायको काउंटरमागून भिंत दाखवते आणि म्हणते, “हे सारं याइचंच काम.” मग मी पडद्याची सुरकुती सरळ करायला जातो.

परवाच्या दिवाळीआधी सरांचा फोन आला. कापसावर एक विशेषांक निघणार होता. सुती साड्या, एक मॉडेल आणि नजर जाईल तिथपर्यंत पांढरं शेत. “तुझ्याकडे कापूस पिकतो ना रे?” सरांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि मनात ढाणकी धरली. ढाणकी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथं मला कुत्रं ओळखत नाही. सर आले की पहिल्या पाच मिनिटांत कॅमेरा कुणाच्या हातात आणि थर्माकोल कुणाच्या हातात ते उघड होणार होतं. ते ढाणकीत झालं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

पण सरांचा आवाज मोठा आणि आमचा काउंटर लहान. मी फोन ठेवायच्या आत बायकोने दुसऱ्या मोबाइलवरून माहेरी कळवलं होतं. “बाबा, मुंबईचे लोक येऊन राह्यले, याइच्याकडून फोटो काढून घ्याले. आपलंच वावर देऊ.” पलीकडून मामाजींनी बहुतेक नुसती मान हलवली असावी, पण ती मला इथपर्यंत दिसली. आता माझी अब्रू माझ्याच सासऱ्याच्या वावरात, त्याच्या आणि बायकोच्या डोळ्यांदेखत जाणार हे नक्की झालं. त्या दोन आठवड्यांत मी सर आजारी पडावेत असं दोनदा मनात आणलं. लगेच माफीही मागितली.

एक गोष्ट तेवढी निर्धास्त होती. कापूस. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी वावरात दही-भात ठेवून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. ती झाल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत, आणि मामाजींकडे ती दरवर्षी उशिराच होते. म्हणजे शेत पांढरंफटक मिळणार होतं. मी सरांना तसा मोबाइलवर फोटोही पाठवला.

ठरल्या दिवशी सकाळी सातला सरांची गाडी वावराच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी थांबली. सर, मॉडेल, एक मेकअपवाला. मी तिथं आधीच हजर होतो आणि गळ्यात माझा स्वतःचा कॅमेरा अडकवला होता. त्याची बॅटरी घरी होती. पण मी सरांकडे बघायच्या ऐवजी वावराकडे बघत राहिलो होतो, कारण वावरात एकही बोंड पांढरं नव्हतं.

मामाजी हात जोडून पुढे आले. चेहऱ्यावर पाहुणचाराचं समाधान. “जवाई, मी म्हनलं पाव्हने मुंबईचे, पोरगी एवढ्या महागाच्या साड्या नेसून फिरन, कापूस लागून साऱ्या खराब होईन. म्हनून काल अन् परवा बाया लावून सारं वावर वेचून घेतलं. पाहा, कसं साफ झालं!”

“मामाजी, सीतादही?”

“परवा पहाटेच उरकली. पाव्हन्यापायी.”

पाहुणे येणार म्हणून आपण अंगण झाडतो, तसं त्यांनी सहा एकर झाडलं होतं. सर धुऱ्यावर बसले. त्यांच्या आयुष्यात बरेच सेट पडले होते, जळले होते, पावसात भिजले होते. सेट वेचून घरात भरलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “आता?”

आणि इथं, लाज वाटते पण सांगतो, मला बरं वाटलं. कारण ‘आता’ हा प्रश्न माझ्या हद्दीतला होता. कॅमेऱ्याला सहा एकर लागत नाहीत. जमिनीजवळून, लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहिलं तर पुढच्या पाच-सहा ओळी मागच्या सगळ्या रानाला झाकून टाकतात. मी मामाजींच्या घरातून कापसाची चार गाठोडी आणवली. दोन दिवस ज्या बायांनी कापूस वेचला त्याच बाया तो परत रिकाम्या बोंडांत खोचायला लागल्या. एक म्हातारी हसून हसून खाली बसली. “जिंदगीभर वेचला, आज पयल्यांदा झाडाले वापस देऊन राह्यली,” ती म्हणाली. पुढच्या ओळीतल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, मी दाट खोचायला लावलं, मागच्या ओळींवर नुसते पुंजके टाकले. मामाजी प्रत्येक पुंजक्याकडे दात दुखत असल्यासारखं बघत होते.

तिकडे मेकअपवाला मॉडेलच्या गोऱ्यापान दंडांना तपकिरी रंग लावत होता, कारण ती शेतात राबणारी दिसायला हवी होती. त्याच म्हातारीने मला विचारलं, “पोरीले कायी काहून करून राह्यला तो? आपल्याकडच्या पोरी तं तुमच्याकडं गोऱ्या व्हाले येतेत.” मी म्हणालो, “मासिकाचं तसंच राह्यते.” हे उत्तर मी कुठल्याही प्रश्नाला देतो आणि ते नेहमी पुरतं.

खोचणं संपलं तेव्हा बारा वाजले होते. बारा वाजता फोटो काढणं म्हणजे चेहऱ्याचं वाटोळं. ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात आणि नाकाखाली मिशी उगवते. सकाळची कोवळी किरणं आम्ही कापूस खोचण्यात घालवली होती. सरांनी आणलेलं पांढरं कापड गाडीच्या टपावर बांधून ठेवलं होतं, ते रस्त्यात कुठं तरी उडून गेलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. वावराला लागूनच मामाजींचं घर, तिथल्या अंगणातल्या दोरीवर त्यांची दोन धोतरं वाळत होती. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन इतकी विरळ झालेली, की त्यातून उजेड पडावा तर असाच.

दोन्ही धोतरं पिना लावून जोडली, चार बांबूंना बांधली आणि मॉडेलच्या डोक्यावर छत धरलं. एका बांबूला मामाजी, एकाला माझी बायको, उरलेल्या दोन बांबूंना वेचणाऱ्या बाया. उन्हाचा चटका धोतरात अडला आणि खाली दुधासारखा उजेड उतरला. चेहरा जरा सपाट होत होता म्हणून मी समोरून बॅटरीवरचा दिवा दिला. “एवढ्या उन्हात दिवा कायले?” मामाजींनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत सर कॅमेऱ्यामागून ओरडले, “थर्माकोल! वर घे. अजून वर. झोपलास का?”

मी गुडघ्यावर बसून थर्माकोल वर घेतला. मामाजींचा बांबू जरा कलला. “जवाई,” ते हळूच म्हणाले, “हा मानूस तुमच्यावर कायले ओरडून राह्यला? फोटो तुमी काढनार होते न?”

“मुंबईत समद्याइलेच ओरडतेत,” मी म्हणालो. बायको दुसरीकडे बघत होती. मला वाटलं, ऊन लागतंय तिला.

दोन साड्या झाल्या. तिसऱ्या साडीसाठी ओळींच्या मधे जमिनीवर आडवं पडून फोटो घ्यायचा होता. सरांचं वय झालंय, गुडघा वाकत नाही. त्यांनी एकदा प्रयत्न केला, कण्हले आणि उठून कॅमेरा माझ्यापुढे धरला. “ही साडी तू घे.”

बारा वर्षांत त्यांनी हे वाक्य म्हटलं नव्हतं. म्हटलं ते नेमकं तिथं, बायको आणि सासऱ्यापुढे. मामाजींची मान ताठ झाली. तेरा वर्षांचं खोटं दोन मिनिटांत खरं होणार होतं, आणि त्यासाठी मला फक्त एक बोट हलवायचं होतं. मी आनंदाने कामाला लागलो. धोतराचं छत दोन बोटं डावीकडे घेतलं. दिव्यापुढे बटरपेपर लावला. थर्माकोल एका पऱ्हाटीला टेकवून मॉडेलच्या गळ्यावरची सावली घालवली. केसांच्या कडेवर उन्हाची एक रेघ सोडली. इतका सुंदर उजेड मी मुंबईतही कधी दिला नव्हता. सगळं जागच्या जागी बसलं, तसा मी उठलो, तीन पावलं मागे गेलो आणि उभा राहिलो.

मॉडेल तशीच थांबली होती. बाया थांबल्या होत्या.

“दाबा न, जवाई,” मामाजी म्हणाले.

तेव्हा मला आठवलं की कॅमेरा माझ्याच हातात आहे. मी घाईघाईने आडवा झालो आणि आठ फोटो काढले. सरांनी ते पाहिले. पहिल्यात तिचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात अर्धे मिटलेले, तिसऱ्यात ती मेकअपवाल्याकडे बघत होती. आठही फोटोंत उजेड अप्रतिम होता आणि त्या उजेडात एक कंटाळलेली मुलगी बसली होती. सर हसले, धुऱ्याला हात टेकून कसेबसे खाली झोपले, तिला म्हणाले, “तुझ्या डोक्यावर कुणाचं धोतर आहे माहितेय ना?” ती दचकून वर बघत हसली आणि सरांनी एकदाच बटन दाबलं. झाला फोटो.

मग त्यांना उठवायला मी हात दिला, तर तो हात धरून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मनापासून बोलले, त्यात वाईट हेतू नव्हता. “मामा, तुमचा जावई हिरा आहे. बारा वर्षं माझा थर्माकोल धरला याने. असा दिवे लावणारा मला पुन्हा मिळाला नाही. बटन कधी दाबलं नाही बिचाऱ्याने, ती चूक माझी. शिकवायला हवं होतं.”

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी स्तुती झाली आणि मला धोतरात तोंड लपवावंसं वाटलं.

मामाजींनी बांबू खाली ठेवला. थोडा विचार केला. “म्हंजे आमच्याकडं वरातीत गॅसबत्ती डोक्स्यावर घेऊन चालनारे राहेत, तसं काय?”

“हो मामाजी. तसंच.”

“अन् ते बारा फोटो?”

या वेळी खोकला आला नाही. “सरांचे,” मी म्हणालो. मामाजींनी मान हलवली आणि पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला घराकडे गेले. जाताना त्यांनी पऱ्हाटीवरचा एक पुंजका काढून खिशात घातला.

संध्याकाळी मोटारसायकलवर आम्ही दोघं राळेगावला निघालो. दुतर्फा सोयाबीनची कापलेली शेतं, मधून सायकलवर घरी निघालेले मजूर. बायको मागे बसली होती. मी मनात बोलणी जुळवत होतो. शेवटी तीच म्हणाली, “मले मालूम होतं.”

“काय?”

“हेच. लग्न झालं त्याच महिन्यापासून. लाल साडीत माहा फोटो काढला होता न तुमी स्टुडिओत? घंटाभर दिवेच लावत बसले. मान इकडं करा, तिकडं करा. मंग सारं झालं अन् तुमी मांगं जाऊन भिताडाले टेकून उभे. मी हासून हासून थकली. मले वाटलं, कोनी येनार हाये. शेवटी मीच म्हनलं, काढा न आता.”

मला तो फोटो आठवला. त्यात ती किंचित चिडलेली दिसते. दिव्याचा कोन चुकला म्हणून तशी दिसते, असं मी आजवर समजत होतो.

“मंग गावभर काहून सांगत राह्यली?”

“तुमाले बरं वाटत होतं म्हनून.”

“अन् मले काहून नाही बोलली?”

“तुमी सांगान म्हनून वाट पाह्यली. दोन-तीन साल पाह्यली. मंग सोडून देल्ली.”

सरांपुढे आली नव्हती, मामाजींपुढे आली नव्हती, एवढी लाज मला त्या रस्त्यावर आली. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, खाली उतरलो आणि तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, “मी फोटो काढत नव्हतो. मी दिवे लावत होतो.”

ती गाडीवरच बसून होती. पदराने तोंडावरची धूळ पुसत म्हणाली, “आता कायले सांगता? आता तं सरानं सांगतलं.”